मोकळी गच्ची

"काका, वर काय काय असतंय?" मोजायच्या फितीचं एक टोक कठड्याला लावत आदर्शनं विचारलं.

"कुठं वर?"

"हितंच. गच्चीवर. म्हंजे कशाला वापरताय, काय ठेवताय, असं. आधी विचारून घ्यावं लागतंय आमाला."

"काय असतंय? टाकी आणि कपड्याची तार. तार तोडून टाकूया," बाळासो म्हणाला. "बाकी गच्ची मोकळी हाय."

चहा घेऊन वर आलेली त्याची बायको, अंबूबाई, जिन्याच्या तोंडाशी थांबली. कप तिनं कठड्यावर ठेवले.

"आणि मिरच्या?" तिनं विचारलं.

बाळासोनं तिच्याकडे पाहिलं. ही नजर अंबूबाईच्या ओळखीची होती, आणि निम्म्या कोल्हापूर जिल्ह्याच्याही. बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून बाळासोनं उभी नोकरी काढली होती. "पन्हाळ्याची गाडी कुठं लागतीया?" असं कुणी विचारलं की तो आधी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि मग हनुवटीनं पाटी दाखवायचा. "वाचता येत न्हाय व्हय?" येत नसेल तर तो त्या माणसाचा गुन्हा. येत असेल तर दुप्पट गुन्हा. बाळासो निवृत्त झाला तेव्हा खिडकी एसटीकडे राहिली आणि नजर तेवढी तो घरी घेऊन आला.

"मिरच्या काय बारा महिने असत्यात व्हय?" तो म्हणाला. "उन्हाळ्यातलं चार दिवस. त्याला कोण असणं म्हणत न्हाय."

आदर्श हा सोलर बसवणाऱ्या कंपनीचा माणूस. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात साखर. त्यानं घाईघाईनं मध्ये तोंड घातलं. "काकू, काळजीच करू नका. आपण स्ट्रक्चर उंच करून देतो. वर पॅनेल, खाली तुमच्या मिरच्या. एका गच्चीत दोन कामं."

"सावलीत?"

"खाली बी गरम असतंय की काकू."

"ऐकलंस?" बाळासो म्हणाला. अंबूबाईनं ऐकलं. रिकामे कप घेऊन ती खाली गेली. पुढे या विषयावर ती बोलली नाही आणि बाळासोनं त्याचा अर्थ तिला पटलं असा घेतला. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, अशी त्याची खिडकीतली सवय होती. खरं तर त्या खिडकीवरची माणसं गप्प बसायची ती पलीकडच्या पानवाल्याला विचारायला जाण्यासाठी.

बाळासोच्या मते जगात मूर्खांचे दोन प्रकार होते. एक, जे काहीच न विचारता गाडीत बसतात. दुसरे, जे गाडी सुटल्यावर विचारतात. आणि पहिल्या प्रकाराचा अगदी नमुना म्हणून त्याच्या घरासमोरच, मंगळवार पेठेतल्या त्याच गल्लीत, गणपतराव राहत होता.

गणपतराव गुळाच्या अडतीवर दिवाणजी. गुळात राहून माणूस गोड झालेला, म्हणजे कुणीही यावं आणि चाटून जावं. गेल्या वर्षी मेव्हण्याच्या शब्दावर त्यानं सोलर बसवलं. मेव्हणा म्हणाला बसवा, यानं बसवलं. दुपार कलली की पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडायची आणि एका पॅनेलपायी सगळी ओळ मान टाकायची. स्लॅबला आधीच बारीक चीर होती, तिच्यात भोकं पाडून लोखंड उभं केलं, आणि पावसाळ्यात देवघरात भांडं ठेवायची पाळी आली. तरी गणपतराव खूश, कारण मेव्हणा खूश.

आदर्श फीत घेऊन यायच्या आधी, चैत्रातल्या एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. गणपतराव बनियनवर उंबऱ्यात बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होता. बाळासो मुद्दाम घरातून बाहेर आला.

"काय गणपतराव, पंखा बंद?"

"लाईट गेलीया न्हवं."

"तुमच्या वर तर सोलर हाय की. आणि ऊन तर रगड पडलंय."

"लाईनची लाईट गेली की त्ये बी बंद पडतंय म्हणं."

"म्हणं? बसवायच्या आधी विचारलं न्हाईसा?"

"मेव्हणा काय बोलला न्हाय बगा," गणपतराव म्हणाला आणि त्यानं वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतलं.

"दिव्याखाली अंधार म्हणत्यात त्यो ह्योच," बाळासो म्हणाला. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. आणि त्याच रात्री त्यानं ठरवलं की आपणही सोलर बसवायचं. विजेसाठी नव्हे. शहाण्या माणसानं ते कसं बसवायचं असतं हे गल्लीला दिसावं म्हणून.

मग त्यानं आदर्शला आणि आदर्शच्या कंपनीला जो पिळून काढला, त्याला तोड नाही. जन्मभर लोकांनी त्याला विचारलं होतं, आता त्याची पाळी होती. सावली कुठल्या महिन्यात कुठवर येते, तोंड दक्षिणेलाच का, वारं सुटलं तर लोखंड किती धरतं, पॅनेलची हमी कुणाची आणि इन्व्हर्टरची कुणाची, उद्या तुझी कंपनी बुडाली तर मी कुणाच्या दारात जायचं, लाईन बंद झाल्यावर चालू राहायचं तर बॅटरी लागते हे तू आपणहून का सांगितलं नाहीस. शेवटच्या प्रश्नाला आदर्श हसला, तर बाळासो म्हणाला, "पावणं, हसू नका. माझ्या खिडकीवर लई जण हसत आलते, सगळ्यांच्या गाड्या चुकल्या."

आपलं वीजबिल अजून मेलेल्या वडिलांच्या नावावर येतं हे ध्यानात आल्यावर त्यानं आधी ते आपल्या नावावर करून घेतलं, कारण नाव जुळल्याशिवाय अनुदान अडतं हे त्यानं तीन ठिकाणी विचारून पक्कं केलं होतं. स्लॅब आधी दुरुस्त करून घेतला. टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची, ती तोंडी नको म्हणून भांडून सहीशिक्क्यानिशी घेतली.

"पंचवीस वर्षं हितनं हलायची न्हाईत बग," त्यानं अंबूबाईला सांगितलं.

"आणि आपुन?" अंबूबाईनं विचारलं.

असल्या प्रश्नांना बाळासो उत्तर देत नसे. हे त्याच्या पाटीवर नव्हतं.

एवढं सगळं विचारणाऱ्या या माणसानं आपल्याच डोक्यावरच्या गच्चीबद्दल मात्र कधी कुणाला काही विचारलं नव्हतं, आणि आदर्शनं विचारलं तेव्हा ठोकून दिलं की मोकळी आहे.

ती मोकळी नव्हती. फाल्गुन लागला की बाजारातून मिरचीची पोती यायची, संकेश्वरी आणि ब्याडगी, आणि अंबूबाईच्या गच्चीवर चढायची. गल्लीत बाकीची घरं एकाला एक चिकटलेली, कुणाचं कौलारू, कुणाचं पत्र्याचं. गणपतरावाच्या स्लॅबवर दुपारनंतर सावली, म्हणून दिवसभर ऊन खाणारी गच्ची ही एकच. त्यामुळे दहा घरच्या मिरच्या तिथं जुन्या लुगड्यांवर पसरायच्या. बायका बसून देठं खुडायच्या, शिंकायच्या, सुनांच्या आणि सासवांच्या कागाळ्या करायच्या. मिरची हातात घेऊन हलवली आणि आत बी वाजलं की अंबूबाई म्हणायची, "चला, झाली." तिनं झाली म्हटल्याशिवाय कुणी डंकावर कांडायला जात नसे. खाली घरात तिला कुणी विचारत नव्हतं, पण वर तिच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. तिच्या हातची चटणी पुण्याला लेकीकडे जायची, इचलकरंजीला नणंदेकडे जायची आणि एसटीच्या ड्रायव्हरांच्या डब्यांतून कुठं कुठं जायची.

तिच्या उजव्या हाताला बसायची ती खैरूनबी. दोन घरं सोडून राहायची. नवरा लवकर गेला, पोरगा तौसीफ वेल्डिंगची कामं करायचा. खैरूनबीचं घर पत्र्याचं, म्हणून तिचा उन्हाळा लग्न होऊन आल्यापासून अंबूबाईच्याच गच्चीवर गेला. यंदाच तौसीफनं पत्रा काढून स्लॅब टाकला होता. अजून गिलावा नव्हता, सळया तशाच वर आलेल्या होत्या.

बाळासो या सगळ्याला मिरचीचा बाजार म्हणायचा. तेवढे दिवस तो तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा, नाकाला रुमाल लावून परत यायचा, आणि ताटात चटणी मात्र दोनदा मागून घ्यायचा.

पॅनेल बसली. दक्षिणेकडून कमरेएवढी आणि उत्तरेकडून डोक्याच्या वर, अशी निळीशार रांग गच्चीभर उभी राहिली. मोबाइलवर किती वीज झाली ते दिसायचं. बाळासो तासातासाला मोबाइल बघायचा आणि गणपतराव उंबऱ्यात दिसला की जरा मोठ्यानं बघायचा.

मग फाल्गुन आला आणि पोती वर चढली. अंबूबाईनं भांडण काढलं नाही. जिन्यासमोर एक पट्टा उन्हाचा उरला होता, पश्चिमेच्या कठड्याला दुसरा. तिथं मावल्या तेवढ्या मिरच्या तिनं घातल्या, उरलेल्या पॅनेलखाली. ऊन सरकेल तशी ती आणि खैरूनबी लुगडी ओढायच्या, पॅनेलखालची बाहेर आणि बाहेरची खाली. दिवसभर दोघी वाकून ओढत होत्या.

"ऊन फिरतंय तसं त्येच्या मागं ह्या फिरत्यात," बाळासोनं तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं. "हसाय येतंय बघून." तिथली चार टाळकी हसलीही. फुकट बसणाऱ्याला हसायला काय लागतं.

"सुकत न्हाईत गं अंबूवैनी," खैरूनबी म्हणाली. "हात लावला की वातड लागत्यात."

"सुकतील. दोन दिस जास्त लागतील." अंबूबाई म्हणाली, पण मिरची हलवून बघायचं तिनं टाळलं.

संध्याकाळी बायका नेहमी मिरच्या गोळा करून आत न्यायच्या. यंदा खैरूनबीच म्हणाली, "डोक्यावर छप्पर हायच की आता. दव काय पडत न्हाय. कशाला उचलायच्या?" कमरा मोडलेल्या होत्या. बाहेरची लुगडीही त्यांनी पॅनेलखाली ओढली, सगळा माल मध्ये गोळा केला आणि त्या खाली उतरल्या. फक्त अंबूबाईनं आपलं पोतं सवयीनं खाली आणलं.

आदर्शनं सांगून ठेवलं होतं, पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते. धुवायची ती सकाळी, ऊन तापायच्या आत. बाळासो असल्या गोष्टी अक्षरशः पाळणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला तो वर गेला, टाकीच्या ओट्यावर चढला आणि नळी सोडली. ओट्यावरून पॅनेलची वरची बाजू तेवढी दिसते. त्याला तेवढीच बघायची होती. धूळ निघाली, निळं अंग चकाकायला लागलं. पाणी खालच्या कडेनं आणि मधल्या फटींतून धारा लावून पडत होतं. कुठं पडतंय, हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता.

"बाळासो," खालून गणपतरावाची हाक आली. "तुमच्या पन्हाळीतनं काय यालंय बगा की."

बाळासोनं कठड्यावरून वाकून पाहिलं. गल्लीत पन्हाळीखाली तांबूस पाणी पडत होतं आणि त्यात मिरचीचं बी तरंगत होतं. गणपतराव दात घासायचं विसरून ते बघत उभा होता.

बायका वर आल्या. खैरूनबीनं लुगड्याचं टोक उचललं, त्यातून पाणी गळलं. तिनं ते परत ठेवलं.

"वाळतील की," बाळासो नळी गुंडाळत म्हणाला. "ऊन काय संपलंय व्हय?"

"बुरशी धरंल, भावजी," खैरूनबी म्हणाली.

"मग रातीला गोळा कराय काय झालतं? आणि हितं धुणं असतंय म्हाईत न्हवतं? मला विचारायचं हुतं."

अंबूबाई पॅनेलखाली वाकून ओल्या मिरच्या पाटीत भरत होती. ती उठली नाही, नवऱ्याकडे बघितलंही नाही. "खैरून, पाटी धर," एवढंच म्हणाली. आपल्या गच्चीवर विश्वासानं ठेवलेला लोकांचा माल आपल्या घरच्या माणसानं भिजवला, हे तिला गल्लीत तोंड दाखवायला जागा न ठेवणारं होतं.

मिरच्या गल्लीत पसरल्या, दारात पसरल्या. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, तिसऱ्या दिवशी वळवाचा सडाका आला. चौथ्या दिवशी मिरच्यांवर पांढरट आलं आणि कुबट वास सुटला. अंबूबाईनं सगळ्यांच्या भिजलेल्या मिरच्या आपल्या दारात आणायला लावल्या, आपलं कोरडं पोतं सोडलं आणि पायलीनं मापून घराघरांत वाटलं. पुरलं नाही तेव्हा गेल्या वर्षीच्या चटणीची बरणीही त्याच वाटेनं गेली. बुरशीच्या मिरच्या तिनं एकटीनं पोत्यात भरल्या आणि कोंडाळ्यात नेऊन टाकल्या.

बाळासोला यातलं काही कळलं नाही. त्याला कळण्यासारखं समोरच घडत होतं, पण त्या सुमारास त्याच्या हातात शून्य रुपयांचं बिल आलं होतं. ते घेऊन तो तालमीत गेला, दूधवाल्याकडे गेला, आणि गणपतरावाकडे तर दोनदा गेला.

आठवडाभर त्याला जेवणात काहीतरी कमी लागत होतं. त्यानं आधी खाटकाला नावं ठेवली, मग गॅसला, मग दुधाला.

शून्याची कीर्ती पसरली तशी माणसं विचारायला यायला लागली. बाळासोनं ओसरीत खुर्ची टाकली. खिडकी परत उघडली होती. एका रविवारी कुरुंदवाडहून आकाराम आला. पूर्वी एसटीवर ड्रायव्हर, आता शेतातल्या घरावर सोलर बसवायचं त्याच्या मनात होतं. आडव्या हाडाचा, बोलायला रोखठोक. बाळासोनं त्याच्यासाठी मटण आणायला लावलं.

"बग आकाराम, लोक पैला भाव विचारत्यात. भाव शेवटाला. पैलं आपल्याला लागतीया किती त्ये बघ. जेवढी भूक तेवढंच ताट. बिल कुणाच्या नावावर हाय?"

"आबाच्या."

"आबा हायत?"

"जाऊन लई वर्षं झाली."

"मग आधी नाव बदल. त्याबिगर अनुदान न्हाय. घराला झाड हाय?"

"नारळ हाय की दोन."

"सावली बघ. सकाळी बघ, दुपारी बघ, थंडीत बघ. थंडीत सावली लांबतीया, आणि ह्यो कंपनीवाला तुला उन्हाळ्यातली दावणार. स्लॅब गळतोय का? वर बसवल्यावर खालनं दुरुस्ती व्हत न्हाय. समोरच्या गणपतरावाला इचार, देवावर धार धरलीया त्येनं."

आकाराम मान डोलवत होता. बाळासोच्या आवाजाला धार आली होती. इतकं मन लावून त्याचं कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आत तांबड्या रश्श्याला उकळी फुटल्याचा वास आला आणि अंबूबाईनं ताटं मांडली.

आकारामनं रश्श्याची वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. परत उचलली, परत एक घोट घेतला.

"वैनी," त्यानं विचारलं, "चटणी कुठली?"

"दुकानातली," अंबूबाई म्हणाली.

बाळासोचा घास हातात राहिला. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, पाहुण्याच्या पानात विकतच्या पुडीची चटणी. आणि ती पाहुण्याच्या जिभेला एका घोटात कळली होती, त्याच्या जिभेला आठवडाभर कळली नव्हती.

"तुमच्यात इकतची?" आकाराम म्हणाला. "अवो, कुरुंदवाडच्या गाडीवर आमी तुमच्या चटणीसाठी ह्येचा डबा पळवायचो."

"यंदा केली न्हाय."

"का वो?"

"गच्ची न्हवती."

आकारामनं छताकडे पाहिलं. "गच्ची तर हाय की वर."

"त्येंना विचारा," अंबूबाईनं त्याच्या ताटात गरम भाकरी टाकत सांगितलं. "चौकशी तितं हाय."

ती आत गेली. आकारामनं बाळासोकडे पाहिलं. बाळासोनं पाटी दाखवावी तशी हनुवटी हलवली, पण तिथं पाटी नव्हती. दोघं खाली मान घालून जेवले. रस्सा तिखट होता, लालही होता. त्याला फक्त चव नव्हती.

हात धुताना आकाराम म्हणाला, "तू सांगितलंस त्ये सगळं इचारतो बग, बाळासो. आदी घरात इचारतो." पान न खाताच तो गाडी गाठायला गेला.

बाळासो वळला तेव्हा अंबूबाई पायात चपला घालत होती.

"माणसांसमोर अब्रू काढलीस," तो म्हणाला. "पोतंभर मिरच्या आणलत्या मी. कुठं गेल्या?"

"दिल्या."

"कुणाला?"

"ज्येंच्या भिजल्या त्येंना."

"आणि मला सांगाय काय झालतं?"

"तुमी विचारलं न्हाईसा." अंबूबाईनं पदर डोक्यावर घेतला. "खैरूनकडं जातोय. परताय पायजेत मिरच्या."

ती गेली. बाळासो उगाच खुर्चीत बसला, उठला, मोबाइल काढून आत ठेवला. मग जिना चढून गच्चीवर गेला. दुपारच्या उन्हात पॅनेल तापली होती. दक्षिणेच्या कठड्यापर्यंत जायचं तर वाकून जावं लागत होतं. आपल्याच गच्चीवर तो कमरेत वाकून पलीकडे गेला आणि कठड्याला धरून सरळ झाला.

दोन घरं सोडून खैरूनबीच्या नव्या स्लॅबवर लाल लुगडी अंथरल्यागत मिरच्या पसरल्या होत्या. वर आलेल्या सळयांना दोरी बांधून बायकांनी डोक्यावर एका कोपऱ्यात साडीची सावली केली होती. त्या सावलीत सगळी गल्ली बसली होती. गणपतरावाची बायकोही होती. काहीतरी गंमत झाली असावी, कारण सगळ्या हसत होत्या, आणि मध्ये बसलेली अंबूबाई सगळ्यांत मोठ्यानं. ती अशी हसते हे बाळासोला ठाऊक होतं, पण फार जुनं, लग्नानंतरच्या दिवसांतलं. ती उठली, उन्हात गेली, एक मिरची उचलून कानाशी हलवली. सगळ्या गप्प झाल्या. तिनं मान हलवली आणि पुन्हा सावलीत येऊन बसली. झाली नव्हती.

खैरूनबीला बाळासो दिसला. तिनं अंबूबाईला कोपरानं ढोसलं. अंबूबाईनं वर बघितलं नाही.

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंसंच अंतर. पण काय म्हणायचं ते सुचलं नाही, आणि ज्याला सुचत नाही त्याच्याकडे आपण खिडकीतून कसं बघायचो ते त्याला आठवलं. पॅनेल हलवता येतील का, हा विचार मनात येऊन गेला. येणार नव्हती. पंचवीस वर्षांचा कागद त्यानंच भांडून घेतला होता. त्याला वाईट वाटलं. स्वतःबद्दल वाईट वाटण्याची सवय नसल्यामुळे ते ऊन लागल्यासारखं वाटलं आणि तो खाली जाऊन पंख्याखाली पडला.

चार-पाच दिवसांनी अंबूबाई डंकावरून आली. तिच्या काखेत घरची चिनीमातीची बरणी होती. निम्मीच भरलेली. ती तिनं ओट्यावर ठेवली, तोंडाला फडकं बांधलं आणि जेवायला वाढायला घेतलं. बाळासो पाटावर बसला. बरणीकडे त्यानं पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला प्रश्न खालच्या आवाजात विचारावा लागला.

"कुणी दिली?"

"सगळ्यांनी मूठमूठ घातली. खैरूननं दोन." तिनं भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली आणि बरणी त्याच्याकडे सरकवली. "जपून घ्या. वरीसभर पुरवायची हाय. दुसऱ्याच्या उन्हातली हाय."

बाळासोनं फडक्याची गाठ सोडली. एक चमचा भरला, त्यातला निम्मा परत बरणीत सोडला. मग गाठ होती तशी बांधली आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून तिच्या बाजूला ठेवली. त्या दिवशी त्यानं चटणी दुसऱ्यांदा मागितली नाही.